हात लावू नका

सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात, अण्णाभाऊ साठ्यांच्या जन्मगावी, एकट्या अण्णाभाऊंचं संग्रहालय पाहिजे असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. मीही म्हणतो. पण त्यात ठेवणार काय?

मोठ्या लेखकांचं टेबल ठेवतात, खुर्ची ठेवतात, चांदीच्या मुठीची काठी ठेवतात. १९२० साली मांगवाड्यात जन्मलेल्या, दीड दिवस शाळेत टिकलेल्या, वाटेगावहून पायी मुंबई गाठलेल्या माणसाचं काय ठेवायचं? त्यानं मागं ठेवल्या कथा, कादंबऱ्या, पोवाडे, वगनाट्यं. बाकी सगळं पोटानं खाल्लं.

एक दोस्त म्हणाला, मग रिकाम्या पेट्याच मांडू. वर लिहू, इथं शाळेची पाटी असायला हवी होती. ऐकायला झकास. पण माझं मन कचरतं. उपास काचेत ठेवला की बघणारा चुकचुकतो, चपला घालतो, घरी जातो. त्याच्या स्वतःच्या गावचा मांगवाडा असतो तिथंच राहतो.

मॉस्कोत २०२२ साली अण्णाभाऊंचा पुतळा बसला. मला अभिमान वाटला. पण पुतळा भाकर मागत नाही, म्हणून त्याला हार घालणं सोपं. १९६९ साली हा माणूस हलाखीत गेला, तेव्हा हारवाले कुठं होते? विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी १९४९ सालीच घटना समितीत सांगून ठेवलाय.

मग संग्रहालय नकोच? तसं नाही. आपण सांभाळलं नाही तर दुसरे सांभाळतील, त्यांना सोयीचं तेवढंच. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलीय, ते पान कुणी झाकील. कुणी जात झाकून नुसता शाहीर दाखवील. आणि खरं बोलायचं तर, आपल्यातलाच कुणी लाल बावटा कलापथक झाकील. सत्य आपल्याला अडचणीचं असलं तरी तिथं राहिलं पाहिजे.

म्हणून माझा सवाल किल्लीचा आहे. ती त्याच वस्तीतल्या पोरापोरींच्या हातात असावी. हस्तलिखितं काचेत जपा, पण त्यांच्या नकला हाताळायला द्या. संध्याकाळी दिवे चालू ठेवा, अभ्यासाला बसू द्या. डफ, तुणतुणं वाजवू द्या.

संग्रहालयात जागोजाग पाटी असते, 'हात लावू नका'. आपल्या संग्रहालयात ती नको. ती पाटी आपल्या बापजाद्यांनी जन्मभर वाचली. अक्षर येत नव्हतं तरी वाचली.