मोजदाद आणि मोल

चंडीगढच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये ल कॉर्बुझिए यांच्या कल्पनेतील 'उघडा हात' उभा आहे. त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १९८५मध्ये, तो साकार झाला. देण्यासाठी उघडा, घेण्यासाठीही उघडा, असा त्याचा अर्थ. जवळच सुखना तलाव आहे. शिवालिकातून येणारा हंगामी प्रवाह १९५८मध्ये अडवून तो निर्माण केला गेला. अडवलेल्या पाण्याच्या ह्या शेजारात उघड्या हाताकडे पाहताना प्रश्न पडतो, तो असा : जे घेतले त्याची संख्या भरून दिली, म्हणजे हानी भरून निघाली काय?

अरण्यातील वाहती नदी ह्या प्रश्नाला वरकरणी होकार देते. चतुर, टाचण्या, मेफ्लाय ह्या कीटकांची बाल्यावस्था पाण्यात जाते. पावसाळ्यातील पूर त्यांपैकी असंख्यांना वाहून नेतो. मागे उरलेल्यांना जागा व अन्न अधिक मिळते, त्यांतील अधिक जगतात आणि संख्या सावरते. एरवीही प्रवाह त्यांना खाली नेतच असतो. मग नदीचा वरचा भाग ओस का पडत नाही? स्वीडनमधील प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या कार्ल म्युलर यांनी १९५४मध्ये उत्तर सुचविले : पंख फुटलेले प्रौढ कीटक प्रवाहाच्या उलट दिशेने उडत जातात व तेथे अंडी घालतात. प्रौढ मेफ्लाय तर काही खातही नाही. त्याचे अल्प आयुष्य प्रजननातच संपते.

तथापि ह्या सावरण्यातून माणसाने स्वतःसाठी सांत्वन काढणे हा तर्कदोष होय. पूर निवड करीत नाही. धरण बांधणारा करतो. पाणी थबकले, की वाहत्या पाण्याचे जीव हटतात आणि साचल्या पाण्याचे येतात. एकूण संख्या कदाचित वाढेलही. पण ती त्यांची नव्हे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गावे गेली, तेव्हाही हिशेब कुटुंबांचा आणि एकरांचा झाला. नदीकाठचे शेजार कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

म्हणून वीज नको, तलाव नको, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. त्यांचा लाभ आपण सारेच घेतो. मोजदादही हवीच, कारण तिच्यावाचून हानी दिसतच नाही. मात्र मोजणे म्हणजे फेडणे नव्हे. नदीत हानी भरून निघते, कारण परतीची वाट मोकळी असते. ती वाट आपण बंद केली असेल, तर संख्या कितीही जुळो, ऋण शिल्लक राहते. ते मान्य करणे हीच घेणाऱ्या हाताची पहिली नीती.