गाळ

दिवाळीच्या अंकात दारूविषयी लिहावे की नाही, हा प्रश्न मला पडला. आमच्या अक्काला तो पडलाच नाही. तिने स्वच्छ सांगितले, "लिहू नकोस." पण मला लिहावयाचे आहे ते एका खोट्याविषयी. ते खोटे द्राक्षाच्या बाटलीभोवती घडले, म्हणून बाटली मध्ये आली, एवढेच.

माझा भाचा, अक्काचा धाकटा, दोन वर्षे इंग्लंडात नोकरीला होता. परत आला तो व्हीगन होऊन. शाकाहार आपल्याला नवा नाही. हे त्याच्याही पुढचे. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने आपल्या मंडळींसाठी हे नाव काढले. त्या दिवाळीला अक्काने करंज्यांना तेलाचे मोहन घातले, बेसनाचे लाडू खोबरेल तेलात वळले, आणि वळता वळता ती जे बोलली ते इथे छापण्यासारखे नाही.

भाऊबीजेच्या रात्री मी नाशिकहून आणलेली तांबडी वाइन काढली. घरात घेणारे आम्ही दोघेच, तेही वर्षातून एकदा. (१९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे लागणारा परवाना माझ्याजवळ आहे, आमच्या हेडमास्तरांनी काळजी करू नये.) भाच्याने बाटली फिरवून मागची चिठ्ठी वाचली आणि विचारले, "मामा, ही निवळली कशाने?"

"अरे, द्राक्षांत कसला आलाय प्राणी?" मी हसून म्हणालो.

हसलो ते अज्ञानाने. पावसाळ्यात हंड्यातल्या गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवितो आणि तासाभरात गाळ तळाशी बसतो, तसेच वाइनचे. नवी वाइन गढूळ असते. ती निवळावी म्हणून तीत काहीतरी घालतात. ते गाळाला धरून खाली बसते आणि वरची वाइन काढून घेतात. हे 'काहीतरी' म्हणजे अंड्याचा पांढरा बलक, दुधातले केसीन, हाडाकातड्यांतून काढलेले जिलेटिन किंवा माशाच्या पोटातला फुगा. पूर्वी बैलाचे रक्तही वापरीत. इंग्लंडात पिपातून काढून देतात त्या बिअरला बहुधा हा फुगाच घालतात. यीस्टचे कण त्याला चिकटतात आणि बिअर आरशासारखी होते.

माशाचा फुगा म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो. मी पालघरच्या किनाऱ्यावरचा मास्तर आहे. आमच्याकडे कोळी त्याला भोत म्हणतात. घोळ माशाचे भोत वाळवून परदेशी जाते आणि त्याला सोन्यासारखा भाव येतो. २०२१ साली मुरब्याच्या एका मच्छीमाराला एका फेरीत १५७ घोळी मिळाल्या आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले, तेव्हा आमच्या वर्गात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. १८४२ साली रॉइल नावाच्या एका इंग्रज डॉक्टराने हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या या मालावर लंडनला पुस्तकच काढले होते. भोत दोरीवर वाळताना मी लहानपणापासून पाहत आलो. ते कुणाच्या पेल्यात उतरत असेल, हे कधी मनात आले नव्हते.

"पण ते पेल्यात उरत नाही ना?" मी म्हणालो. "गाळाबरोबर खाली गेले की संपले."

"जवळजवळ काहीच उरत नाही," तो म्हणाला. "पण मासा तर मेला ना, मामा?"

त्या रात्री मी एकटाच प्यालो, आणि मला राग आला होता. आमची आजी सोवळ्यात असताना ओल्या कपड्याला कुणी शिवले तर पुन्हा आंघोळ करी. मला वाटले, हेही तेच, नव्या कपड्यातले. त्याला खिजवावे म्हणून विचारले, "द्राक्षाच्या मळ्यात शेणखत घालतात, त्याचे काय?" तो ओशाळला नाही. म्हणाला, "सगळे सुटत नाही. जे दिसते तेवढे तरी सोडतो."

पुढे विचार करताना माझे मलाच कळले की आजीची तुलना चुकली. सोवळे विचारते, मला काय शिवले? पेल्यात काही उरलेच नसेल तर सोवळ्याची तक्रार मिटली. भाच्याची तिथे मिटत नाही. माझ्यापायी कुणाचे काय झाले, हे तो विचारतो, आणि त्याचे उत्तर पेल्यात शोधून सापडायचे नाही. कायदेही या दोन प्रश्नांत वाटले गेले आहेत. युरोपात २०१२ पासून अंड्याचा वा दुधाचा अंश वाइनमध्ये उरला तर बाटलीवर छापावा लागतो. तो ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. माशाच्या फुग्याला त्यातून सूट आहे. आपल्याकडचे व्हीगन अन्नाचे २०२२ चे नियम मात्र पदार्थ करताना मदतीला वापरलेली वस्तूही धरतात, मग ती शेवटी उरो वा न उरो.

मी चित्रकला शिकवितो. शिक्षण मॅट्रिकचेच, पुढे चित्रकलेची परीक्षा दिली म्हणून मास्तर झालो. त्यामुळे आणखी एक गोष्ट लागली. कार्माइन हा तांबडा रंग निवडुंगावरच्या किड्यांपासून करतात, हे मला ठाऊक होते. इटलीच्या काम्पारी मद्यातला लाल रंग २००६ पर्यंत त्याच किड्यांचा होता, हे ठाऊक नव्हते. माझे बारीक कुंचले खारीच्या केसांचे आहेत. ते मी अजून टाकलेले नाहीत.

आता ते खोटे. पुढच्या वर्षी मी त्याच कारखान्याची बाटली आणली. येण्याआधी भाच्याने फोनवर विचारले, "मामा, चौकशी केलीस?" मी म्हणालो, "केली. नुसती माती वापरतात." बेंटोनाइट नावाच्या मातीने वाइन निवळते, हे तोवर माझ्या वाचनात आले होते. चौकशी मात्र मी केली नव्हती. आळस म्हणा; खरे म्हणजे मला पुन्हा एकट्याने प्यायचे नव्हते. तो आला, त्याने निःशंक पेला उचलला, आणि म्हणाला, "तू विचारलेस, बरे वाटले."

ते वाक्य मला झोपू देईना. चार दिवसांनी मी कारखान्यात खरोखरच फोन केला. तिथल्या माणसाने आनंदाने सांगितले, "नाही हो, अंडे नाही, मासा नाही. आम्ही माती वापरतो."

म्हणजे मी जे बोललो ते खरे निघाले! मला केवढे हलके वाटले! भाच्याच्या पोटात अयोग्य काही गेले नाही. माझे खोटे तळाशी बसले आणि वरची वाइन स्वच्छ राहिली. काही दिवस मी या समाधानात काढले. मग एकदा कुंचले धुताना ध्यानात आले की मी माझ्यापुरता सोवळ्याचाच हिशेब लावीत होतो. खोट्याचा अंश उरला नाही, म्हणून खोटे नाही. मासा उरला नाही, म्हणून मासा नाही. त्याचा प्रश्न मला वर्षभर कळला होता, आणि स्वतःवर वेळ येताच मी आजीच्या बाजूला जाऊन बसलो. बिचाऱ्या आजीने तरी कुणाला फसविले नव्हते.

ब्रूअरीवाल्यांनासुद्धा हा प्रश्न पटू लागला आहे. डब्लिनची गिनेस १७५९ पासूनची. तिने २०१५ साली माशाचा फुगा सोडण्याचे जाहीर केले. काजूची फेणी तर ऊर्ध्वपातनाने निघते, तिला निवळायला कुणाचे पोट लागत नाही. अक्काचे म्हणणे याहून सोपे आहे: "कोकमाचे सरबत प्या दोघेही."

यंदा मी बाटली आणण्याआधी फोन केला. तोच माणूस होता. म्हणाला, "यंदाची तांबडी जरा तुरट निघाली, म्हणून अंड्याच्या बलकावर घेतली आहे." मी फेणी आणून ठेवली आहे. पण भाचा विचारणार, गेल्या वर्षीची ती चांगली होती, ती का नाही आणलीस? आणि तिथून बोलणे गेल्या वर्षीच्या चौकशीवर यायला वेळ लागणार नाही.

तो धनत्रयोदशीला येतो. हा अंक त्याच्या आधी आठ दिवस घरी येईल, आणि आमच्या घरी अंक पहिला अक्का वाचते. तेव्हा फोन मला आज रात्रीच केला पाहिजे.