दयेला दोरी असावी का?

॥ सद्गुरूंच्या चरणी वंदन ॥



सकाळच्या फेरीत आम्हा सेवेकरी बायकांमध्ये एक प्रश्न निघाला. कुत्र्यालाही मोकळं फिरावंसं वाटतं; मग त्याला दोरी बांधणं ही हिंसा नाही का?

सध्या पांढुर्णा-सौंसरच्या शिवारात पहाटे निघालं की डोळ्यांचं पारणं फिटतं. टेकडीवर पान नाही, पण पळस लालबुंद. त्यावर मैना, बुलबुल रस प्यायला आलेले. मोहाखाली फुलांचा सडा. अशा वेळी ज्याला रोज पोळी घालतो तो मोती मागे येणारच!

कुत्र्यावर प्रेम करावं यात वादच नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले. धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचं नाकारलं. दत्तगुरूंच्या पायाशी तर चार श्वान आहेत.

पण त्याच माळावर टिटवीही आहे. तिला घरटं नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये ती अंडी घालते. ऊन तापलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. मोती तिकडे धावला की ती ओरडत उठते, अंडी उन्हात उघडी पडतात. मोतीच्या मनात पाप नसतं, तो खेळतो. पण लहानपणी ऐकलेली बेडकांची गोष्ट आठवा. एकाचा खेळ होतो, दुसऱ्याचा जीव जातो.

जीव नुसता पाठलागानेच जातो असंही नाही. 2018 मध्ये गुजरातच्या गीर जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले. त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांमध्येही असतो, आणि कुत्र्यांसाठी त्याची लस मिळते.

मग दया कोणावर करायची? आम्हाला वाटतं, जी फक्त आपल्या जवळच्यावर थांबते ती ममता. जी न दिसणाऱ्या अंड्यापर्यंत पोचते ती दया. धर्मराजाने कुत्र्याला सोडलं नाही, हे खरं. पण सोडून न देणं वेगळं आणि मोकाट सोडणं वेगळं, नाही का?

दिवसभर साखळीला बांधून ठेवणं मात्र क्रूरताच. अंगणात त्याला मनसोक्त धावू द्यावं. माळावर, जंगलाच्या कडेला तेवढी दोरी असावी. गल्लीतला कुत्रा असेल तर बिस्किटं दाखवून त्याला टेकडीवर नेऊ नये. पोळी गल्लीतच घालावी.

आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या हातात असतं, बरं का! म्हणजे संयम आपल्यालाही आला. पूजेला पळसाची फांदी मोडायची नाही, खाली पडलेली फुलं वेचायची. मोबाइलवर भजन लावायचं तर घरी. त्या माळावर पाखरांचं भजन आधीपासून सुरू आहे.

आज जेवताना मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

🙏 शुभं भवतु 🙏