हुकमाचा ताबेदार

गेली वीस-बावीस वर्षे वकिलीच्या व्यवसायात घालविल्यानंतर काही वाक्ये आमच्या कानांच्या इतकी ओळखीची झाली आहेत की, ती कोण उच्चारतो हे पाहण्यासाठी मान वर करण्याचीही गरज वाटत नाही. "साहेब, आम्ही हुकमाचे ताबेदार" हे त्यांपैकी एक. पोलीस शिपाई ते म्हणतो, कारकून म्हणतो आणि प्रसंग पडल्यास मोठा अंमलदारही म्हणतो. हे वाक्य ऐकून न्यायाधीश क्वचित विरघळतात आणि विरुद्ध पक्षाचे वकील नेहमी हसतात. आम्हीही हसलो आहोत. परंतु ज्या माणसाच्या आयुष्याचा विचार करताना हे हसू ओठांवरच विरून जाते, असा एक जलदगती गोलंदाज क्रिकेटच्या इतिहासात होऊन गेला. त्याचे नाव हॅरॉल्ड लारवुड.

लारवुडचा जन्म 1904 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात नंकरगेट नावाच्या खेड्यात, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी तो स्वतःही खाणीत उतरला व तेथील तट्टांबरोबर राबू लागला. त्या अंधारातून त्याला वर काढले ते त्याच्या उजव्या हाताने. उंचीने बेताचा, पण खांदे व पाठ श्रमाने घडलेली. धाव लयबद्ध आणि चेंडूची गती अशी की, त्या काळच्या जाणकारांनी तिला तोड नाही असे म्हणावे. 1926 साली तो इंग्लंडकडून पहिला कसोटी सामना खेळला. पुढे प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याने 1,427 बळी मिळविले, तेही प्रत्येकी साडेसतरा धावांच्या आसपास. एवढे असूनही त्याच्या कसोटी सामन्यांची एकूण संख्या अवघी 21 आहे. शेवटचा सामना झाला तेव्हा त्याला तिसावे वर्षही लागले नव्हते. हे का घडले, ह्या प्रश्नातच आमच्या आजच्या विचाराचे बीज आहे.

1930 सालच्या मालिकेत डॉन ब्रॅडमन ह्या ऑस्ट्रेलियन फलंदाजाने इंग्लंडविरुद्ध 974 धावा केल्या. त्याला आवरण्याचा उपाय 1932-33 च्या दौऱ्यासाठी नेमलेल्या कर्णधाराने, डग्लस जार्डिनने, शोधून काढला. हा जार्डिन आपल्याला अगदीच परका नव्हे. त्याचा जन्म मुंबईचा, वडील मुंबईचे अॅडव्होकेट जनरल आणि तो स्वतःही सॉलिसिटर. त्याचा उपाय असा होता : अतिशय वेगाने आखूड टप्प्याचा चेंडू फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने टाकावयाचा आणि लेगच्या बाजूला जवळ क्षेत्ररक्षकांचे कडे उभारावयाचे. फलंदाजाने अंग वाचविण्यासाठी बॅट पुढे केली की झेल ठरलेला, न केली तर चेंडू बरगडीवर. हीच ती कुप्रसिद्ध 'बॉडीलाइन'. योजना जार्डिनची, परंतु ती ज्याच्या हातावाचून कागदावरच राहिली असती, तो हात लारवुडचा होता.

परिणाम सर्वश्रुत आहे. इंग्लंडने मालिका चार विरुद्ध एक अशी जिंकली. लारवुडने 33 बळी घेतले. 1933 च्या जानेवारीत अॅडलेड येथे त्याचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुल ह्याच्या छातीवर बसला आणि दोन दिवसांनी यष्टिरक्षक ओल्डफील्डच्या कवटीला तडा गेला. ह्या दोन्ही वेळी क्षेत्ररक्षण नेहमीचेच होते व ओल्डफील्डने आपल्या दुखापतीचा दोष गोलंदाजाला दिला नाही, ही गोष्ट न्यायाच्या दृष्टीने नमूद केलीच पाहिजे. परंतु वुडफुलला चेंडू लागल्यानंतर थोड्याच वेळात जार्डिनने मुद्दाम लेगचे कडे उभारले, हेही तितकेच खरे. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने हा प्रकार खिलाडूपणाला सोडून असल्याची तार लंडनला केली. तिकडून एम. सी. सी.ने आपल्या संघाची पाठराखण केली आणि तुमची इच्छाच असेल तर दौरा रद्द करू, असे मानी उत्तर पाठविले.

आता कायद्याने पाहू गेल्यास लारवुड निर्दोष ठरतो. असे चेंडू टाकू नयेत किंवा असे कडे उभारू नये, असा नियम तेव्हा नव्हता. तो रोख थोपविणारे नियम पुढे आले. लेगला यष्टीमागील बाजूस दोनच क्षेत्ररक्षक असावेत, हे बंधन तर 1957 साली पडले. 1860 च्या भारतीय दंडविधानातील 87 वे कलम आम्हांस ह्या ठिकाणी आठवते. दोघांनी करमणुकीसाठी तलवारीचे हात करण्याचे ठरविले, तर त्या खेळात कपटावाचून होणारी इजा सोसण्यास दोघांची संमती आहे, असे तेथे दाखल्याने सांगितले आहे. बॅट घेऊन उभा राहणारा अशी संमती देतच असतो. परंतु 'कपटावाचून' ह्या एका शब्दात केवढे रान मोकळे राहिले आहे! नियम मोडला नाही म्हणजे कपट झाले नाही, असे वकील म्हणू शकेल. शहाण्या माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही.

मग 'हुकूम होता' ह्या सबबीकडे वळावे काय? त्याच दंडविधानाच्या 76 व्या कलमात वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडणारा शिपाई निरपराध मानला आहे. मात्र तो हुकूम कायद्याला धरून असला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्गच्या न्यायासनाने तर स्वच्छच सांगितले की, हुकमाने शिक्षा सौम्य होऊ शकेल, अपराध पुसला जाणार नाही. खेळाच्या मैदानावरील गोष्टीला ही अवजड उदाहरणे लावणे अतिरेकाचे वाटेल. पण तत्त्व तेच आहे. हात दुसऱ्याच्या इच्छेने चालला, तरी तो आपल्याच खांद्याला जोडलेला असतो.

शिवाय त्याच संघात नकार देणारे निघाले होते. गबी अॅलन हा जलद गोलंदाज ह्या पद्धतीने चेंडू टाकण्यास तयार झाला नाही आणि तरीही पाचही सामने खेळून त्याने 21 बळी घेतले. पतौडीचे नबाब इफ्तिखार अली खान ह्यांनी सिडनीच्या पहिल्याच सामन्यात शतक काढले होते. त्या कड्यात उभे राहण्यास त्यांनी नकार दिला आणि दुसऱ्या सामन्यानंतर त्यांना पुन्हा संधी मिळाली नाही. तेव्हा नकार अशक्य होता, असे म्हणता येत नाही.

परंतु येथे एक बारकावा आहे. अॅलन आणि पतौडी हे 'हौशी' खेळाडू होते, लारवुड 'धंदेवाईक'. त्या काळी इंग्लंडात ह्या दोन जातींचे कपडे बदलण्याचे दालन निराळे, पुष्कळ ठिकाणी मैदानावर येण्याचे फाटकही निराळे. धावफलकाच्या छापील कागदावर हौशाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापीत, धंदेवाइकाची नंतर. हा भेद 1963 साली नाहीसा झाला. अॅलनने 'नाही' म्हटले तर तो आपल्या पेढीवर परत जाणार होता, नबाब आपल्या संस्थानात. लारवुडच्या मागे उभी होती ती खाण. तीच एक अक्षरी 'ना', पण तिची किंमत तिघांना सारखी पडणार नव्हती.

मग नीतीचे नियमही माणसाच्या ऐपतीप्रमाणे बदलतात काय? आमच्या मते, नाही. कर्तव्य सर्वांना सारखेच. परंतु ते चुकल्याचा ठपका ठेवताना, ते पाळण्यासाठी काय मोजावे लागले असते ह्याचा हिशेब केला पाहिजे. महाभारतातील द्यूतसभेत अधर्माविरुद्ध बोलला तो विकर्ण, आणि विकर्ण दुर्योधनाचा भाऊ होता. भीष्म बोलले नाहीत, म्हणून त्यांना आपण अजून क्षमा केलेली नाही. कारण त्यांना बोलणे परवडत होते. परंतु त्याच सभेत प्रातिकामी नावाचा एक सेवकही होता. द्रौपदीला घेऊन ये, ह्या हुकमावरून तो गेला आणि तिला आणण्याऐवजी तिचा प्रश्न घेऊन परत आला. पुन्हा पाठविले तेव्हा तो अडखळला आणि तिला काय सांगू, असे सभेलाच विचारू लागला. ताबेदाराच्या हाती असतो तो एवढाच अवकाश : प्रश्न परत नेण्याचा. तोही त्याने वापरला, हे त्याचे मोठेपण. त्यापलीकडे तो गेला नाही, ह्याचा जाब त्याच्याकडे मागण्यापूर्वी त्या सभेतील सिंहासनस्थांकडे मागावा लागतो.

लारवुडने असा प्रश्न परत नेला होता काय? नाही. त्याला गाभाऱ्यातला देव करण्याची आमची इच्छा नाही. आपण करतो ते नियमात आहे आणि योग्य आहे, अशी त्याची खरोखरीच समजूत होती आणि आपल्या कर्णधारावर त्याची अढळ निष्ठा होती. सिडनीच्या शेवटच्या सामन्यात त्याने फलंदाज म्हणून 98 धावा काढल्या, तेव्हा त्याच्यावर चिडलेल्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजविल्या. पुढे दुसऱ्या डावात त्याच्या पायाचे हाड मोडले. तशाही स्थितीत ब्रॅडमन बाद होईपर्यंत जार्डिनने त्याला मैदानावर उभे ठेवले. मग दोघे, ब्रॅडमन आणि लारवुड, एकाच वेळी एक शब्दही न बोलता मैदानाबाहेर गेले. लारवुडचा तो शेवटचा कसोटी सामना. खाल्ल्या मिठाला जागणे ह्याहून अधिक ते काय असणार?

ह्यानंतरचा प्रसंग आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. जार्डिन पुढेही इंग्लंडचा कर्णधार राहिला. 1933 च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर, इंदूरच्या होळकरांच्या पदरी असलेल्या सी. के. नायडूंच्या संघाविरुद्ध तोच नाणेफेकीला उतरला. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीही शंका नको. त्याच वर्षी वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी हेच अस्त्र त्याच्यावर उलटविले, तेव्हा त्याने हूं की चूं न करता 127 धावा काढल्या. परंतु 1934 साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात यावयाचा होता आणि वातावरण निवळावयास हवे होते. तेव्हा लारवुडपुढे प्रस्ताव आला की, आपल्या गोलंदाजीबद्दल त्याने माफी मागावी. त्याने नकार दिला. मी कर्णधाराची आज्ञा पाळली, मला माफी मागण्याजोगे काही नाही, ही त्याची भूमिका. इंग्लंडतर्फे तो पुन्हा कधीही खेळला नाही.

'चोर सोडून संन्याशाला फाशी' असे येथे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, कारण लारवुड संन्यासी नव्हता. पण माफी म्हणजे काय, ह्याचा विचार करावयास हवा. आपण चुकलो असे ज्याला आतून पटले, त्याच्या तोंडचा तो उद्गार. जो तसे मानीत नाही त्याच्याकडून तो वदवून घेणे म्हणजे त्याच्याकडून खोटी साक्ष घेणे होय. आणि ज्या संस्थेने विजयाच्या वेळी मानी तार पाठविली, तिनेच पुढे एकट्या हाताकडे बोट दाखवावे, ह्यात पश्चात्ताप नव्हे, व्यवहार होता.

हे आम्ही एवढ्या आवेशाने का लिहीत आहो, ते सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे वकील म्हणून आम्ही एक मापीनामा लिहून दिला होता. हिशेबाच्या वहीत मागील तारखेची एक नोंद झाली होती. ती करावी असा तोंडी हुकूम वरिष्ठाचा होता, अक्षर कारकुनाचे. वरिष्ठांनी तसे आम्हांजवळ कबूलही केले होते. सही केली तर नोकरी राहील, एवढेच आम्ही त्या कारकुनाला समजाविले. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारले, "वकीलसाहेब, ह्यात साहेबांचं नाव कुठं आहे?" त्याची आवश्यकता नाही, असे उत्तर आम्ही दिले. कायद्याने ते बरोबर होते. त्याने सही केली. त्याच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि वरिष्ठ यथाकाल सत्कार स्वीकारून निवृत्त झाले. त्या कारकुनाने प्रातिकाम्याप्रमाणे प्रश्न परत आणला होता. तो आम्ही पुढे नेला नाही. आम्हांला तर कोणाचा हुकूमही नव्हता. फी होती.

लारवुडची कथा मात्र येथे संपत नाही. 1938 साली त्याने खेळ सोडला. युद्धानंतर तो ब्लॅकपूल येथे गोळ्या-मिठायांचे छोटे दुकान चालवीत असे. तेथे त्याला शोधून काढून ऑस्ट्रेलियात येण्याचा आग्रह केला तो जॅक फिंगल्टनने, म्हणजे ज्याने ते चेंडू अंगावर घेतले होते त्या फलंदाजाने. 1950 साली लारवुड पत्नी व पाच मुलींसह निघाला; आणि योगायोग असा की, 1932 साली ज्या 'ओरंटिस' बोटीने तो ऑस्ट्रेलिया जिंकावयास गेला होता, त्याच बोटीने. सिडनीत त्याचे स्वागत झाले, तेथेच तो स्थायिक झाला आणि तेथेच 1995 साली, नव्वद वर्षांचा होऊन वारला. 'कृतज्ञ कर्णधाराकडून' अशा आशयाचा लेख कोरलेले, जार्डिनने दिलेले चांदीचे रक्षापात्र त्याने अखेरपर्यंत जतन केले. इंग्लंडच्या सरकारने त्याला मानचिन्ह दिले ते 1993 साली, वयाच्या 88 व्या वर्षी.

ज्यांना चेंडू लागले त्यांनी माफी न मागता क्षमा केली, आणि ज्यांच्यासाठी ते टाकले गेले त्यांनी माफी मागितली. ह्याचा अर्थ आम्ही असा लावतो की, जखम सोसणाऱ्याला हात कोणता आणि मन कोणते हे नेमके कळते; लाभ घेणाऱ्याला ते कळूनही चालत नाही. 'आम्ही हुकमाचे ताबेदार' हे वाक्य कोणाला निर्दोष ठरवीत नाही, हे आमचे मत आजही कायम आहे. परंतु ते ऐकल्यावर हुकूम कोणाचा, हा दुसरा प्रश्न त्याच दमात विचारला गेला नाही, तर पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

तो कारकून अद्याप नोकरीत आहे. कचेरीच्या जिन्यात भेटला की नमस्कार करतो. आम्ही तो घेतो, आणि पायऱ्या उतरू लागतो.