दोन बांगड्यांचा आवाज

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दर गुरुवारी आपण एकनाथ महाराजांनी रचलेली दत्ताची आरती म्हणतो. टाळ वाजत असतात, आवाज चढलेला असतो. पण पहिल्याच कडव्यात आपण काय म्हणतो तिकडे फारसं लक्ष जात नाही. तिथे नाथ सांगतात की हे स्वरूप शब्दाच्या आणि तर्काच्या हाती लागत नाही. शेवटी तर मी आणि तू हा भेदच निरोप घेतो. म्हणजे जे बोलता येत नाही, ते बोलता येत नाही हे आपण मोठ्यानं बोलून दाखवतो! मग हे बोलणं फुकट म्हणायचं का?

आधी आपली रोजची भाषा बघू. ती व्यवहारासाठी घडलेली आहे आणि व्यवहार सगळा सापेक्ष. माझी नोकरी बँकेत झाली, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. तुमची एक लाखाची ठेव हे तुमच्या हिशेबात येणं असतं. बँकेच्या ताळेबंदात तीच रक्कम देण्याच्या बाजूला बसते. रक्कम एक, नावं दोन आणि दोन्ही खरी. ‘येणं की देणं?’ असं कोणी विचारलं, तर ‘कोणाच्या वहीत?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आपल्या नृसिंहवाडीचंच घ्या. पावसाळ्यात कृष्णामाई चढते, पाणी उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान घडावं म्हणून माणसं लांबून येतात. तेच पाणी आणखी चढलं की शिरोळ तालुक्यातला ऊस बुडतो, घरं सोडावी लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपण हे डोळ्यांनी पाहिलं. ‘पाणी आलं’ हे दोनच शब्द. देवळात ते आनंदाचे, शिवारात धास्तीचे. सापेक्ष म्हणजे खोटं नव्हे. बोलणारा कुठं उभा आहे ते धरून ते खरं असतं.

आता निरपेक्षासाठी शब्द शोधू. निर्गुण, निराकार, अनंत, अव्यक्त, अद्वैत. प्रत्येकाच्या पुढे एक नकार जोडलेला. ‘निरपेक्ष’ हा शब्दसुद्धा आधी ‘अपेक्षा’ उसनी घेतो आणि मग ती नाकारतो. उपनिषदांनी ‘नेति नेति’ म्हणून हे उघडच सांगून टाकलं. सत्, चित्, आनंद हे तरी होकाराचे शब्द आहेत ना, असं वाटेल. ज्ञानेश्वर महाराजांनी अमृतानुभवाच्या पाचव्या प्रकरणात तेही तपासून पाहिले. असत् नव्हे म्हणून सत्, जड नव्हे म्हणून चित्, दुःख नव्हे म्हणून आनंद. तेही शेवटी वस्तू काय नाही एवढंच सांगतात आणि मागे फिरतात. पुढच्या प्रकरणाचं नावच शब्दखंडन. तिथे माउली आधी शब्दाचं कौतुक करतात, कारण तो विसरलेल्याची आठवण देतो. मग विचारतात, जो स्वतःला कधी विसरलाच नाही त्याला आठवण कसली द्यायची?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजे दत्तात्रेयच, अशी आपली श्रद्धा. राजानं आनंदाचं कारण विचारलं, तेव्हा अवधूतानं ब्रह्माची व्याख्या सांगितली नाही. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, पिंगळा अशी नावं घेतली. त्यात एक कुमारी आहे. तिला मागणी घालायला पाहुणे आले, घरची मंडळी बाहेर गेलेली. ती आत साळ सडायला बसली, तर बांगड्या वाजू लागल्या. घरची गरिबी बाहेर कळेल म्हणून ती एकेक बांगडी उतरवत गेली. दोन उरल्या तरी आवाज होता. एकच ठेवली तेव्हा आवाज थांबला.

कीर्तनात याचं तात्पर्य एकांत असं सांगतात. मला त्यात भाषेचंही तात्पर्य दिसतं. आवाजाला दोन लागतात, तसे शब्दालाही दोन लागतात. सांगणारा आणि ऐकणारा, लहान आणि मोठं, येणं आणि देणं. जिथे एकच उरलं तिथे शब्द वाजणार कशावर?

पण इथेच एक धोका आहे आणि आपल्यासारख्या ऐकून ऐकून चार गोष्टी माहीत झालेल्यांना तो जास्त. कुणाच्या घरी तरुण माणूस गेलं की आपण चटकन म्हणतो, ‘आत्मा मरत नाही, रडू नका.’ पुरात घर गेलेल्याला ‘सगळी माया आहे’ म्हणतो. उसने पैसे परत द्यायची वेळ आली की काहींना पैसा मिथ्या वाटायला लागतो. शांकर वेदान्तानं पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा दोन पातळ्या स्पष्ट वेगळ्या ठेवल्या आहेत. व्यवहारात भूक, कर्ज, शोक हे सगळं खरंच धरायचं. एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीत टाकली की हिशेब चुकतो, आणि इथे त्या चुकीची भरपाई समोरच्या माणसाला करावी लागते.

मग दुःखात अध्यात्म बोलूच नये का? बोलावं, पण त्यानं विचारल्यावर. अर्जुनसुद्धा आधी शिष्य म्हणून शरण गेला, मग भगवंतांनी उपदेश केला. मला वाटतं, माया हा शब्द आपल्या स्वतःच्या दुःखाला लावावा. दुसऱ्याच्या दुःखाला लावू नये. तिथे जाऊन बसावं, चहा-जेवणाचं बघावं.

शब्द फुकट मात्र नाहीत. वाडीत आपण पादुकांवर डोकं ठेवतो. पादुका ही पावलांची खूण. महाराज इथून पुढे गाणगापूरला गेले, हे माहीत असूनही त्या खुणेपाशी आपल्याला जवळीक वाटते. आरतीतले शब्द तसेच आहेत. ते दिशा दाखवतात, तेवढ्यासाठी ते मोठ्यानं म्हणावेत.

आणि एक लक्षात ठेवावं. त्या कुमारीनं बांगड्या उतरवल्या, पण मुसळ खाली ठेवलं नाही. दारात पाहुणे होते आणि साळ सडायची राहिली होती.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥