नामसादृश्य आणि न्याय

नामसादृश्याचा उलगडा हे ग्रंथसूचिकाराचे काम मानले जाते. त्यात नैतिक प्रश्न गुंतलेला असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. शिया चरित्रपरंपरेतील तबरीविषयक वाद या दृष्टीने उद्बोधक आहे.

अबू जाफर मुहम्मद इब्न जरीर अल्-तबरी या नावाचे दोन विद्वान होते. एक, इ. स. ९२३ मध्ये बगदादला निवर्तलेला सुन्नी इतिहासकार व कुराणाचा भाष्यकार. दुसरा, इमामतेच्या समर्थनार्थ 'अल्-मुस्तर्शिद' लिहिणारा शिया पंडित. व्यक्तिनाम, पितृनाम, उपनाम, प्रदेशनाम सारेच एक. भेद उघड होतो तो आजोबांच्या नावात : इतिहासकाराचे यझीद, शिया पंडिताचे रुस्तम. अकराव्या शतकात शेख तूसीने आपल्या 'फिहरिस्त'मध्ये रुस्तमच्या नातवाची नोंद करताना तो इतिहासकार नव्हे, असे स्पष्ट केले.

तरीही गोंधळ मिटला नाही. सुलैमानी (मृत्यू १०१४) याने इतिहासकारावर शियांसाठी हदीस रचल्याचा आरोप केला होता. पंधराव्या शतकात इब्न हजर याने त्याचा बचाव केला, तो नामसादृश्याच्याच आधारे : सुलैमानीला दुसरा तबरी अभिप्रेत असावा. इतिहासकार निर्दोष ठरला. आरोप मात्र नाहीसा न होता नामबंधूच्या माथी गेला. दोन व्यक्तींतील भेद दाखवणे रास्तच होते. परंतु पहिल्याचे निर्दोषत्व हा दुसऱ्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

'दलाइल अल्-इमामा' या ग्रंथाने प्रश्न आणखी बिकट केला. तो याच नावावर चालत आला. पण त्यात अकराव्या शतकातील विद्वानांचे दाखले येतात. म्हणून काही आधुनिक शिया संशोधकांनी तिसरा, 'धाकटा' तबरी मानला. येथे संहितेतील कालविसंगतीतून एक ग्रंथकारच सिद्ध केला जातो. हे अनुमान सयुक्तिक आहे. परंतु त्याला चरित्राचा दर्जा मिळाला, की एका अनुमानित व्यक्तीवर श्रद्धा, विश्वसनीयता, दोष असे गुण आरोपित होऊ लागतात.

निवेदकांची परीक्षा करणाऱ्या 'रिजाल' शास्त्रात व्यक्ती ओळखणे म्हणजे तिच्या साक्षीचे मोल ठरवणे. ओळख चुकली तर एकाची पुण्याई वा अपकीर्ती दुसऱ्याच्या खाती जमा होते, आणि मृत व्यक्तीला प्रतिवाद करता येत नाही. म्हणून ओळखीचा निर्णय प्रतिष्ठेच्या निर्णयाआधी, त्यापासून स्वतंत्रपणे व्हावयास हवा. पुरावा अपुरा असेल तेथे निर्णय राखून ठेवणे हेच न्यायाचे होय. सोयीचा नामबंधू सापडणे एवढ्याने अभ्यासकाचे उत्तरदायित्व संपत नाही.