माळकऱ्याच्या परसातली अळी

माळ घातली की हिंसा सुटली, असे आपण सहज समजतो. पण माळकऱ्याच्या परसातल्या वालावर मावा पडला, तर त्याने काय करावे? हा प्रश्न मला एका माउलीने विचारला. चार घरची धुणीभांडी करून दोन लेकरे वाढवणारी ही बाई. तेलाचे फुटके डबे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि न्हाणीचे पाणी एवढ्या भांडवलावर ती भाजी पिकवते. न्हाणीपाशी अळू, कुंपणाच्या तारेवर घोसाळी, गोणीत वांगी. बियाण्याला पैसा नाही. डब्यातले धणे रगडून पेरले की कोथिंबीर, मेथीचे दाणे घरचेच, शेवग्याची फांदी शेजारून मागून आणलेली. आठवड्यात तीन दिवस घरची भाजी निघाली तर तेलाचे पैसे सुटतात, असा तिचा हिशेब. "बुवा, अळी मारली तर पाप, नाही मारली तर पोरांचं ताट रिकामं. मी करू काय?"

कोणी म्हणेल, एवढे भय वाटते तर बाजारातून आणावी. हे उत्तर सोपे आहे, आणि खोटे आहे. बाजारातल्या कोबीवर, वांग्यावर औषध फवारलेले असते. अळी तिथेही मेली, फक्त आपण पाहिली नाही. पैसे देऊन आपण भाजी घेतो, आणि त्याच पैशात न पाहण्याची सोय घेतो. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला ही सोय परवडत नाही, म्हणून दोष त्याच्याच हाताला दिसतो. शेतकऱ्याला हिंसक म्हणून त्याच्याच भाजीचा नैवेद्य दाखवणारे सोवळे मला कधी पटले नाही.

सावता महाराज अरणचे. शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला ते समाधिस्थ झाले. त्या सोहळ्यासाठी पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. मळा पिकवणाऱ्याच्या भेटीला देव निघतो, हा संप्रदायाचा निवाडाच समजा. मळा म्हटला की खुरपे आले, तण आले, कीड आली. त्या मातीच्या हातांना देवाने दूर ठेवले नाही.

म्हणून वाटेल तसे मारावे काय? तर नाही. एकराच्या धन्याला जे जमत नाही, ते पाच गोण्यांच्या धनिणीला जमते. मावा पडला की आधी पाण्याच्या धारेने पाने धुवावी. लाल ठिपक्यांचा ढालकिडा दिसला तर त्याला हात लावू नये. तो मावा खातो, आपले काम तोच करतो. पहाटे दवाने ओल्या पानांवर चुलीची राख भुरभुरावी. तेवढ्याने भागले नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी, चिमूटभर साबण घालून शिंपडावी. निंबोळीने कोणी मरत नाही असे मात्र सांगू नये. कीड खाणे सोडते, तिची कात टाकायची क्रिया बिघडते, काही मरतात. जे करतो ते जाणून करावे.

कढीपत्त्यावरची अळी निराळी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि पुढे तिचे फुलपाखरू होते. झाड मोठे असेल तर तिने चार डहाळ्या खाल्ल्या म्हणून कोणाचे ताट रिकामे होत नाही. ती राहू द्यावी. वांग्याच्या शेंड्यातली अळी राहू देता येत नाही. तो शेंडा खुडावाच लागतो. दोन्ही जीवच, पण एकीला सोडणे आपल्याला परवडते. परवडत असताना मारणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि माळेने आधी तिथे आपल्याला अडवले पाहिजे.

हे सर्व ऐकून माउली म्हणाली, "आणि गोगलगाई हो बुवा? शेजारीण मीठ टाकते." मीठ टाकू नये. तो जीव तडफडून मरतो, आणि मिठाने गोणीतली मातीही बिघडते. संध्याकाळी ओले गोणपाट पसरावे, रात्रीतून गोगलगाई त्याखाली जमतात. सकाळी टोपलीत भरून माळावर न्याव्या, मात्र कोणाच्या मळ्याजवळ नाही. ती आता रोज नेते. परवा म्हणाली, टोपली उपडी करायचा अवकाश, बगळे येऊन बसलेलेच असतात.